सुखोईची किंमत कोण मोजतं?

इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी हे गाव एरवी ओळखलं जातं ते गवताळ माळासाठी आणि तिथल्या चिंकारांसाठी. २५ जुलै २०२२ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास बारामतीहून निघालेलं सेसना १५२ जातीचं शिकाऊ विमान इथल्या एका शेतात कोसळलं. बावीस वर्षांची प्रशिक्षणार्थी वैमानिक विमानात एकटीच होती. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं हातातलं काम टाकून धावली आणि तिला मदत केली. जखमा किरकोळ होत्या. विमान मोडलं, पोरगी वाचली.

त्याच्या आठ वर्षं आधी, १४ ऑक्टोबर २०१४ रोजी, याच पुणे जिल्ह्यात थेऊरजवळ दुसरं एक विमान शेतात पडलं होतं. ते हवाई दलाचं सुखोई-३० एमकेआय होतं. लोहगावच्या धावपट्टीवर उतरायच्या बेतात असताना दोन्ही वैमानिक आसनांसह बाहेर फेकले गेले आणि रिकामं विमान खाली आलं. अष्टविनायकांपैकी चिंतामणीचं हे गाव, चहूकडे बागायत आणि वस्ती. सुदैवाने जमिनीवर कुणाचा जीव गेला नाही.

सेसना १५२चं कमाल वजन ७५७ किलो. पूर्ण भरलेल्या सुखोईचं ३८,८०० किलो. पन्नासहून अधिक सेसना एका पारड्यात घातल्या तर दुसऱ्या पारड्यात एक सुखोई बसेल. मात्र या दोन अपघातांतला सगळ्यात मोठा फरक वजनाचा किंवा पैशांचा नाही. सेसनासारखं नागरी विमान पडलं की विमान अपघात अन्वेषण ब्युरो तपास करतो आणि त्याचा अंतिम अहवाल जनतेसाठी खुला होतो. इंदापूरच्या शेतकऱ्याला वाटलं तर आपल्या बांधाजवळ विमान का पडलं, हे तो वाचू शकतो. थेऊरच्या शेतकऱ्याला ती सोय नाही. हवाई दलाची कोर्ट ऑफ एन्क्वायरी बंद दाराआड होते आणि तिचा अहवाल सहसा बाहेर येत नाही.

लढाऊ विमानांची सुरक्षितता आणि त्यांचा खर्च हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे धरतो. अपघात झाला की हळहळतो, खरेदीचा करार झाला की अभिमानाने आकडा वाचतो. माझं म्हणणं असं की हे दोन प्रश्न एकच आहेत आणि दोन्हींचं उत्तर देखभालीत आहे. त्या देखभालीचा हिशेब जनतेपुढे आला पाहिजे, कारण या विमानांच्या खाली आपण राहतो.

पाच मिनिटांवरचं लोहगाव

लोहगावचा विमानतळ १९३९ साली ब्रिटिशांनी मुंबईच्या संरक्षणासाठी उभारला. बारामती तिथून सरळ रेषेत पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास आणि इंदापूर सव्वाशेच्या थोडं पुढे. एसटीने स्वारगेटहून बारामतीला यायला अडीच तास लागतात. ताशी नऊशे किलोमीटरने जाणाऱ्या लढाऊ विमानाला हेच अंतर साडेपाच-सहा मिनिटांचं आहे आणि इंदापूर आठ-नऊ मिनिटांचं. पुणे जिल्ह्याची ही पूर्वेकडची बाजू म्हणजे हवाई दलाच्या हिशेबाने लोहगावचं अंगणच.

सुखोईचा आणि पुण्याचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. रशियाकडून आलेली पहिली सुखोई-३० विमानं १९९७ मध्ये लोहगावलाच दाखल झाली. भारतासाठी खास घडवलेली एमकेआय आवृत्ती २७ सप्टेंबर २००२ रोजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या हस्ते इथेच वीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सामील झाली. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ८ जून २००६ रोजी लोहगावहूनच सुखोईतून उडाले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी तेच केलं आणि सगळ्या महाराष्ट्राला कौतुक वाटलं.

त्या वर्षाची दुसरी बाजूही आहे. प्रतिभाताईंच्या उड्डाणाआधी सात महिने, ३० एप्रिल २००९ रोजी, पुण्याहून निघालेलं एक सुखोई राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात कोसळलं. या ताफ्याचा तो पहिला अपघात. त्यात विंग कमांडर पी. एस. नारा यांचा मृत्यू झाला, दुसरे वैमानिक बचावले. प्रतिभाताईंच्या उड्डाणानंतर पाचव्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, जैसलमेर भागातच दुसरं सुखोई पडलं. त्यातले दोघेही वाचले. एप्रिलमध्ये बचावलेल्या वैमानिकांवर पुढे थेऊरला, २०१४ मध्ये, पुन्हा तीच वेळ आली आणि तेव्हाही ते वाचले. एका माणसाच्या आयुष्यात असे दोन प्रसंग यावेत, यावरून या पेशातली जोखीम कळते.

थेऊरच्याही आधी, १३ डिसेंबर २०११ रोजी, हवेली तालुक्यातल्या वाडेबोल्हाईला एक सुखोई पडलं होतं. पुढे नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात दोनदा हेच घडलं. २७ जून २०१८ रोजी वावी-ठुशीला पडलेलं विमान ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या चाचणी उड्डाणावर होतं आणि हवाई दलाच्या ताब्यात जायचं होतं. ४ जून २०२४ रोजी शिरसगावला दुसरं पडलं. त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती. बारामती मतदारसंघातली लढत देशभर गाजलेली, त्यामुळे बारामती-इंदापूरची घरंदारं दूरचित्रवाणीला चिकटून बसली होती. अकराशे कोटींच्या घरातल्या विमानाची बातमी खालच्या पट्टीतून सरकून गेली. थेऊर धरून चारही ठिकाणी वैमानिक वाचले आणि चारही ठिकाणी विमान शेतात पडलं.

ओझरचा कारखाना १९६४ सालचा. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, त्यांच्यामुळे मिग विमानांचा हा प्रकल्प नाशिकला आला. आधी मिग-२१, पुढे मिग-२७ आणि मग सुखोई तिथे तयार होऊ लागलं. हजारो मराठी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. महाराष्ट्रात ही विमानं जुळतात, महाराष्ट्रात उडतात आणि पडली तर महाराष्ट्राच्या शेतात पडतात. म्हणून या विषयावर बोलण्याचा हक्क दिल्लीच्या तज्ज्ञांइतकाच आपलाही आहे.

तेलातली धातूची कणी

एवढं बलाढ्य विमान पडतं कशामुळे? लोकांना वाटतं काही तरी भयंकर मोडत असेल. नोंदी पाहिल्या तर बहुतेक वेळा सुरुवात लहान गोष्टीतून होते.

२००९च्या पहिल्या अपघातात उड्डाणनियंत्रण यंत्रणा बंद पडली. आधुनिक लढाऊ विमानात वैमानिकाच्या हातातली कांडी पंखांना थेट जोडलेली नसते. हाताची हालचाल संगणकाकडे जाते आणि संगणक पंखांना हुकूम देतो. असं विमान मुद्दाम थोडं अस्थिर बनवलेलं असतं, म्हणून ते चपळाईने वळतं. संगणक गेला तर माणसाच्या हाताने ते सावरत नाही. वैमानिकाच्या पाठीमागे असलेले काही महत्त्वाचे स्विच चुकीच्या स्थितीत गेले असावेत, असा तेव्हाच्या चौकशीचा रोख होता. नोव्हेंबरच्या अपघातात इंजिनात बाहेरची वस्तू शोषली गेल्याचं सांगितलं गेलं. म्हणूनच हवाई दलाच्या तळांवर माणसं एका ओळीत धावपट्टीवरून चालत खडे, खिळे, तारेचे तुकडे वेचत असतात. कोट्यवधींच्या इंजिनाचं रक्षण आधी या वाकून वेचणाऱ्या हातांनी होतं.

सुखोईच्या इंजिनांचं दुखणं २०१५ मध्ये संसदेत आलं. मनोहर पर्रीकर तेव्हा नुकतेच संरक्षणमंत्री झाले होते. २०१२ पासून इंजिनाच्या बिघाडांच्या ६९ प्रकरणांची चौकशी झाली आणि त्यांतली ३३ प्रकरणं बेअरिंगची होती, असं त्या मार्चमध्ये समोर आलं. इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो आणि टर्बाइनपाशी तेराशे-चौदाशे अंश सेल्सिअसची आग असते. त्या दांड्याला आधार देणारं बेअरिंग झिजू लागलं की धातूची डोळ्यांना न दिसणारी कणी वंगणाच्या तेलात उतरते. म्हणून तेलाच्या मार्गात चुंबकी बूच असतं. ते काढून त्यावर कीस चिकटलाय का हे बघायचं, तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, त्यात लोखंड किती आणि तांबं किती हे मोजायचं, अशी ही रोजची शिस्त. एक नमुना उशिरा गेला, एका नोंदीकडे दुर्लक्ष झालं की त्याची किंमत आकाशात मोजावी लागते. सुखोईला दोन इंजिनं असल्यामुळे एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान परत आणता येतं आणि अशा बहुतेक प्रसंगांत वैमानिकांनी ते आणलंही. रशियन कंपनीने इंजिनात नऊ सुधारणा सुचवल्या, बेअरिंग आणि तेलाचा दर्जा त्यांतच होता.

थेऊरचं कारण याहून चमत्कारिक. लढाऊ विमानातलं आसन हेच वैमानिकाचं शेवटचं आशास्थान. दोन पायांच्या मध्ये असलेली मूठ जोराने ओढली की वरची काच उडते, आसनाखालची रॉकेटं पेटतात आणि माणूस काही क्षणांत विमानाबाहेर फेकला जातो. जमिनीवर उभ्या विमानातूनही ते चालावं अशी त्याची रचना असते. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब मणक्यावर येतो, काही वैमानिक नंतर कायमचे उड्डाणाला मुकतात, पण जीव वाचतो. थेऊरला कुणीही मूठ ओढलेली नसताना आसनं आपोआप उडाली, असं हवाई दलाचं म्हणणं होतं. रशियन तज्ज्ञांना ते मान्य नव्हतं, त्यांनी वैमानिकाकडे बोट दाखवलं. तेव्हा ताफ्यात जवळपास दोनशे सुखोई होती. ती सगळी तपासणीसाठी जमिनीवर उतरवली गेली. लढाऊ ताफ्याचा एवढा मोठा हिस्सा त्या काळात हँगरमध्ये उभा होता.

देखभाल कमी पडली की नुकसान फक्त अपघाताने होत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. न उडू शकणारं विमान शत्रूने पाडलेल्या विमानाइतकंच निरुपयोगी असतं. कॅगने २०१५च्या अहवालात नोंदवलं होतं की सुखोईचं उड्डाणसज्जतेचं प्रमाण ७५ टक्के असायला हवं, प्रत्यक्षात ते ५५ ते ६० टक्के होतं. शंभर विमानांचे पैसे मोजायचे आणि पंचावन्न हाताशी असायची, यात खर्चाचा आणि सुरक्षेचा प्रश्न एकत्रच येतो.

इंजिनाचा ताशी हिशेब

१२ डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने ओझरकडून आणखी १२ सुखोई घेण्याचा करार केला. अपघातांत गेलेल्या विमानांची जागा भरायची, हा त्यामागचा हेतू. करार सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा, त्यात विमानांसोबतची सामग्री आणि कर धरलेले. एका विमानामागे सव्वा अकराशे कोटी पडतात. आपल्या भागात पैसा उसाच्या भाषेत चटकन समजतो. २०२४-२५च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाला बांधून दिलेला किमान दर, टनाला ३,४०० रुपये होती. त्या दराने ३३ लाख टन ऊस म्हणजे एक सुखोई. हंगामाला दहा-अकरा लाख टन गाळणाऱ्या मोठ्या साखर कारखान्याच्या सगळ्या सभासदांचं तीन हंगामांचं उसाचं बिल एका विमानात जातं.

आणि हा फक्त खरेदीचा आकडा झाला. ९ सप्टेंबर २०२४ रोजी सुखोईसाठी २४० इंजिनांचा २६,००० कोटींहून मोठा करार झाला. इंजिनं ओडिशातल्या कोरापूटला तयार होणार, वर्षाला तीस या गतीने. एका इंजिनाला साधारण १०८ कोटी. या इंजिनाचं एकूण आयुष्य सुमारे २,००० तासांचं आणि १,००० तासांनंतर ते पूर्ण उघडून दुरुस्त करावं लागतं. भागाकार करून पाहावा. विमानाची दोन्ही इंजिनं धरली तर उड्डाणाच्या दर तासाला दहा लाखांहून अधिक रुपये केवळ इंजिनं झिजण्यापोटी जातात. इंधन, दारूगोळा, टायर, रडार, माणसांचे पगार आणि ओव्हरहॉल यांचा खर्च वेगळाच. विमानाचा सांगाडा इंजिनापेक्षा बराच अधिक काळ टिकतो, म्हणजे त्याच्या आयुष्यात इंजिनांच्या जोड्या एकापेक्षा जास्त वेळा बदलाव्या लागतात.

असा खर्च करूच नये, असं मी म्हणत नाही. आपल्या दोन सीमांवर काय परिस्थिती आहे ते सगळ्यांना माहीत आहे. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन मंजूर आहेत आणि मिग-२१ निवृत्त झाल्यावर हातात २९च उरल्या. विमानं हवीतच. पण पहिल्या दिवसाची किंमत तेवढी सांगायची आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांची झाकायची, ही पद्धत धोक्याची आहे. कारण पुढे निधी आखडला की पहिली कात्री सुट्या भागांना लागते आणि तिथूनच अपघाताची वाट सुरू होते. २०१६ मध्ये ३६ राफेल घेताना सरकारने एक शहाणपणाची अट घातली होती. ताफ्यातली किमान ७५ टक्के विमानं कधीही उड्डाणसज्ज असावीत, ही जबाबदारी उत्पादकावर टाकली. विमानाबरोबर त्याचं चालू राहणंही विकत घ्यायचं, हा धडा सुखोईच्या अनुभवातून आला आणि तो पुढच्या प्रत्येक करारात उतरला पाहिजे. तेजस मार्क १ए जातीच्या ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार २५ सप्टेंबर २०२५ रोजी झाला. विमान आपलं असलं तरी हीच अट त्यालाही लागू व्हावी.

अमेरिकेलाही सुटलेलं नाही

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देऊ करण्याची भाषा केली, तेव्हा आपल्याकडे बरीच चर्चा झाली. हे जगातलं सगळ्यात प्रगत लढाऊ विमान मानलं जातं. त्याचं एक रूप आपण पुढे घरातूनच पाहिलं. १४ जून २०२५ रोजी ब्रिटनच्या नौदलाचं एफ-३५बी तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर उतरलं, मग त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला आणि ते तिथेच अडकलं. ब्रिटनहून अभियंत्यांचं पथक आलं. विमान २२ जुलैला परत गेलं.

अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ मध्ये सांगितलं की त्यांच्या एफ-३५ ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज १ लाख ५८ हजार कोटी डॉलरवर गेला आहे. २०१८ मध्ये तो १ लाख १० हजार कोटी होता. मार्च २०२३ मध्ये ताफ्यातली ५५ टक्केच विमानं कामगिरीसाठी सज्ज होती, हेही त्याच कार्यालयाने उघड केलं. आपल्या सुखोईला कॅगने लावलेला आकडा आणि हा आकडा किती जवळ आहेत, पाहा.

२८ जानेवारी २०२५ रोजी अलास्कातल्या आयल्सन तळावर एक एफ-३५ पडलं. त्याची कहाणी सविस्तर सांगण्याजोगी आहे. उड्डाणानंतर पुढचं चाक नीट आत जाईना आणि सरळही होईना. वैमानिक हवेतूनच कंपनीच्या अभियंत्यांशी जवळपास पन्नास मिनिटं फोनवर बोलत राहिला. चाक सरळ व्हावं म्हणून त्याने दोनदा चाकं धावपट्टीला टेकवून विमान पुन्हा उचललं. मग मागच्या चाकांचे संवेदकही फसले. विमान जमिनीवर आहे असं संगणकाला वाटलं, त्याने त्याप्रमाणे नियंत्रण बदललं आणि विमान हाताबाहेर गेलं. वैमानिक आसनासह बाहेर पडून वाचला. चौकशीत निघालं ते असं : हायड्रॉलिक तेलात सुमारे एक तृतीयांश पाणी होतं आणि उणे अठरा अंशांच्या थंडीत ते गोठलं होतं. तेलाचं पिंप साठवताना निष्काळजीपणा झाला होता. नऊ दिवसांनी त्याच तळावर दुसऱ्या एफ-३५ला तीच अडचण आली, ते सुखरूप उतरलं. जवळपास वीस कोटी डॉलरचं विमान पिंपातल्या पाण्याने गेलं.

आपल्याला हे इतकं बारकाईने ठाऊक आहे, कारण अमेरिकी हवाई दलाने सात महिन्यांत अहवाल प्रसिद्ध केला. तिथे अपघातानंतर दोन चौकश्या होतात. एक आतली, सुरक्षेसाठी, जिच्यात माणसं न घाबरता खरं बोलतात आणि ती गुप्त राहते. दुसरी जनतेसाठी, जिचा अहवाल कुणीही वाचू शकतो. जगातलं सगळ्यात बलाढ्य हवाई दल आपल्या सगळ्यात गुप्त विमानाचा अपघात असा उघड करतं आणि त्यामुळे त्यांचं लष्करी गुपित फुटत नाही.

गाडगीळ कुटुंबाचा लढा

ही मागणी महाराष्ट्रात नवी नाही. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. ते सत्तावीस वर्षांचे होते. दोष वैमानिकाकडे जातोय असं दिसल्यावर आई कविता गाडगीळ आणि वडील अनिल गाडगीळ यांनी ते मान्य केलं नाही. त्यांनी प्रश्न विचारले, पत्रं लिहिली, रोष पत्करला आणि मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान उभारलं. गेलेला मुलगा परत येणार नव्हता, दुसऱ्यांची मुलं वाचावीत एवढाच त्यांचा आग्रह होता. २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ हा चित्रपट आला आणि मिगच्या अपघातांचा विषय घराघरांत पोहोचला.

त्यांच्या प्रश्नांना आकड्यांचाही आधार होता. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितलं की १९७१-७२ पासून त्या एप्रिलपर्यंत मिग विमानांचे ४८२ अपघात झाले. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांमधली ८ माणसं गेली. एवढ्या मृत्यूंमागचं एक ठळक कारण प्रशिक्षणाचं होतं. मंद गतीच्या शिकाऊ विमानावरून तरुण वैमानिक थेट मिग-२१वर बसत होते. मधली पायरी म्हणून प्रगत प्रशिक्षण जेट घ्या, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली होती. हॉक विमानांच्या खरेदीवर सही झाली ती २००४ मध्ये. शिफारस आणि सही यांच्यात बावीस वर्षं गेली. त्या वर्षांत वाचवलेला पैसा किती आणि गेलेले जीव किती, हा हिशेब कुणी मांडला नाही. मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झालं. त्याच्या पराक्रमाला सलाम करताना या बावीस वर्षांचीही आठवण ठेवायला हवी.

प्रशिक्षणाचं महत्त्व बारामतीला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत, बारामती परिसरात शिकाऊ विमानांचे दोन अपघात झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तपासणी करून त्या प्रशिक्षण संस्थेची परवानगीच स्थगित केली. कारवाई झाली आणि ती लोकांना कळली. लढाऊ विमानांच्या बाबतीत आपल्याला कळतं ते थेंबाथेंबाने. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या डिसेंबर २०२४च्या अहवालातून समजलं की २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाच्या विमानांचे ३४ अपघात झाले आणि त्यांतले १९ वैमानिकांच्या चुकीने झाले असं ठरवलं गेलं. चूक माणसाची होती, मान्य. पण ती का झाली? तो दमला होता का, सराव कमी पडला का, इशारा देणारा दिवा उशिरा लागला का? गाडगीळ दाम्पत्य वीस वर्षांपूर्वी हेच विचारत होतं.

खालची जमीन

आणखी एक गोष्ट आपल्या हातातली आहे. १९३९ मध्ये लोहगावभोवती माळरान होतं. आता विमाननगर, खराडी, धानोरी, वाघोली अशी घनदाट वस्ती धावपट्टीच्या दोन्ही टोकांशी येऊन भिडली आहे आणि पुण्याची नागरी विमानंही हवाई दलाच्याच धावपट्टीवर उतरतात. २१ जुलै २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेश हवाई दलाचं प्रशिक्षणावरचं एफ-७ शाळेवर कोसळलं. तीसहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. थेऊर, वाडेबोल्हाईला विमान शेतात पडलं हे आपलं नशीब. शहर त्या शेतांकडे सरकत असताना त्या नशिबावर किती दिवस विसंबायचं?

पक्ष्यांचंही तसंच. विमानतळाजवळ उघड्यावर कचरा आणि मांसाचा टाकाऊ भाग पडला की घारी जमतात, आणि एक घार इंजिनात गेली की अपघाताला तेवढं पुरतं. उजनीच्या पाण्यावर भिगवण, कुंभारगावला हजारो रोहित पक्षी येतात. ते इंदापूरचं वैभव आहे, त्यांना हाकलायचं काही कारण नाही. उड्डाणमार्ग आणि वेळा पक्ष्यांच्या हंगामाप्रमाणे आखता येतात. पण विमानतळाजवळचा कचरा नगरपालिका, ग्रामपंचायती आणि आपण सगळ्यांनी मिळून थांबवायचा आहे. त्यासाठी रशियाहून तज्ज्ञ यायची गरज नाही.

चार मागण्या

या सगळ्यातून चार मागण्या निघतात. पहिली, प्रत्येक लढाऊ विमानाच्या अपघाताचा गोपनीय भाग वगळलेला अहवाल वर्षभरात संसदेपुढे आणि जनतेपुढे यावा. दुसरी, खरेदीचा प्रत्येक करार जाहीर करताना विमानाच्या पूर्ण आयुष्याचा खर्च आणि उड्डाणसज्जतेची अट सांगितली जावी. तिसरी, शेतात विमान पडलं तर तलाठ्याचा पंचनामा, पिकाची व विहिरीची भरपाई आणि तेल मुरलेल्या मातीची तपासणी ठरावीक मुदतीत व्हावी. जळालेल्या पिकाच्या मालकाने कोणत्या कार्यालयात खेटे घालायचे, हे त्याला शोधत बसावं लागू नये. चौथी, लोहगावभोवतीचं बांधकाम आणि कचरा यांवर असलेले नियम कागदावर न राहता अमलात यावेत.

बारामती आणि इंदापूर एकाच लोकसभा मतदारसंघात येतात. इथला मतदार पाण्याच्या आवर्तनावर, उसाच्या दरावर, रस्त्यावर आपल्या खासदाराला भर सभेत जाब विचारतो. संरक्षणाचा विषय आला की मात्र आपण हात जोडून गप्प बसतो, जणू प्रश्न विचारणं म्हणजे जवानाचा अपमान. खरं तर उलट आहे. साताऱ्याच्या सैनिकी शाळेतून, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून आपलीच मुलं त्या विमानांत बसायला जातात. त्यांच्या आसनाखालची रॉकेटं आणि इंजिनातलं तेल नीट तपासलं गेलंय का, हे विचारणं हे त्यांच्या घरच्या माणसांचं काम आहे. तेव्हा पुढच्या वेळी तुमचा खासदार गावात आला की उसाच्या दराबरोबर हेही विचारा : थेऊरला विमान का पडलं, त्याचा अहवाल कुठे आहे?